शिक्के आणि बाटल्या : झाग्रेब ते बेलग्रेड

झाग्रेबहून बेलग्रेडला सरळ महामार्गाने गेले, तर मोटारीला साधारण चार तास पुरतात. आम्ही दोघांनी मात्र ऑक्टोबर २०२५च्या उत्तरार्धात आडवाट धरली. क्रोएशियातील दाल्मेशियाचा किनारा उतरून, बॉस्नियाचे डोंगर ओलांडून आणि द्रिना नदी पार करून आम्ही बेलग्रेडला पोहोचलो. या वाटेवर प्रत्येक मुक्कामाचे मद्य निराळे आहे आणि प्रत्येक सीमेचे नियमही निराळे आहेत. तिथल्या काही बाटल्या घरी आणायच्या हे आधीच ठरलेले असल्यामुळे सहलीची आखणी करताना पासपोर्टचा आणि बाटल्यांचा विचार एकत्रच करावा लागला.

निघण्यापूर्वी

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सामील झाला आणि त्याच दिवशी तिथे युरो चलन सुरू झाले, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर तिथे जायला शेंगेन व्हिसा लागतो. त्याच तारखेपासून सर्बियाने भारतीयांना दिलेली व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत बंद केली. मात्र वैध शेंगेन व्हिसा असलेल्या प्रवाशाला तिथे ९० दिवसांपर्यंत राहता येते. बॉस्निया आणि हर्जेगोव्हिना हा देशदेखील शेंगेन व्हिसा मानतो आणि एका प्रवेशात ३० दिवसांपर्यंत राहू देतो, पण तो व्हिसा अनेक प्रवेशांचा असावा लागतो. म्हणजे व्हिसाच्या एकाच स्टिकरवर तीन देश होऊ शकतात, आणि खरी मेख इथेच आहे. व्हिसा शेवटच्या देशातून बाहेर पडेपर्यंत वैध हवा. अर्जासोबत केवळ क्रोएशियातील मुक्कामांची आरक्षणे जोडली, तर व्हिसाही तेवढ्याच तारखांना बेतून मिळण्याची शक्यता असते आणि मग सर्बियाच्या सीमेवर हातात मुदत संपलेले स्टिकर उरते. म्हणून आम्ही अर्जाच्या पत्रात बेलग्रेडहून परतण्याच्या विमानापर्यंतचा संपूर्ण मार्ग लिहिला, पुढच्या दोन्ही देशांतील आरक्षणे जोडली आणि अनेक प्रवेशांचा व्हिसा का हवा आहे, याचे कारण एका परिच्छेदात स्पष्ट मांडले. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा शेंगेनसाठी बंधनकारक असतोच; तोही शेवटच्या दिवसापर्यंतचा घेतला.

बाटल्यांचा हिशेब त्याहून गुंतागुंतीचा होता, कारण त्यात तीन वेगवेगळी मोजमापे आहेत. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या विमानप्रवाशाला २२ टक्क्यांहून तीव्र मद्य एक लिटर किंवा त्याहून सौम्य मद्य दोन लिटर, शिवाय साधी वाइन चार लिटर आणि बिअर सोळा लिटर करमुक्त आणता येते. विमानवाहतुकीचा नियम २४ टक्क्यांवर रेघ ओढतो : त्याखालच्या मद्याला घातक मालाचा नियम लागत नाही, २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यानचे मद्य दरडोई एकूण पाच लिटरपर्यंत आणि तेही दुकानातून आलेल्या मूळ बंद बाटलीतच न्यावे लागते, आणि ७० टक्क्यांपुढचे मद्य सामानात चालतच नाही. भारतात परतताना मात्र तीव्रता कोणी विचारत नाही. वाइन असो वा ब्रँडी, दरडोई सगळे मिळून दोन लिटर, एवढाच हिशेब असतो. यात एक गंमत दडलेली आहे. युरोपात तीव्र मद्याची बाटली बहुधा ७०० मिलिलिटरची असते, आणि तशा तीन बाटल्या घेतल्या की २.१ लिटर भरतात. शंभर मिलिलिटरसाठी मर्यादा ओलांडायची नसेल, तर तिसरी बाटली अर्ध्या लिटरची शोधावी लागते.

मार्गाची दिशाही आम्ही यावरूनच ठरवली. बेलग्रेडहून झाग्रेबकडे आलो असतो, तर सर्बियातील खरेदी युरोपीय संघाच्या एक लिटरच्या अटीत बसवावी लागली असती. संघातून बाहेर पडत गेल्यास सर्वांत मोठी खरेदी शेवटच्या देशात होते आणि ती थेट विमानाच्या सामानात जाते. बॉस्निया आणि सर्बिया यांच्याही स्वतःच्या मर्यादा आहेत. परंतु वाटेत दोघांत मिळून तीव्र मद्याच्या दोनच बाटल्या बाळगायच्या, हे ठरवल्यावर त्याची चिंता राहिली नाही.

रविवार : झाग्रेब

इस्तंबूलमार्गे झाग्रेबला उतरलो. शेंगेन देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश आणि निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली होती. तिच्यात प्रवाशाच्या चेहऱ्याचे छायाचित्र साठवले जाते. बोटांचे ठसे व्हिसा काढतानाच घेतलेले असल्यामुळे व्हिसाधारकांचे ते पुन्हा साठवावे लागत नाहीत. नव्या पद्धतीच्या पूर्ण अंमलबजावणीसाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरलेली होती आणि तोपर्यंत पासपोर्टवरचे शिक्केही चालू राहणार होते. त्यामुळे शिक्का नीट उमटला आहे ना, हे आम्ही खिडकीसमोरच पाहून घेतले. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते; तारीख वाचता येत नसेल, तर ती मोजणी पुढे कोणी कशी करायची? अधिकाऱ्याने परतीचे तिकीट मागितले आणि ते बेलग्रेडहून असल्याचे पाहून मधला मार्ग विचारला. छापील कार्यक्रमपत्रिका पुढे केल्यावर त्याने तिच्यावर नजर फिरवली आणि आम्हाला पुढे सोडले. फोनमध्ये सगळे असले, तरी अशा वेळी कागद लवकर वाचून होतो.

सोमवार : झादर

भाड्याच्या मोटारीने वेलेबित पर्वताच्या पोटातील स्वेती रोकचा बोगदा ओलांडला की हवा बदलते आणि थोड्याच वेळात समुद्र दिसू लागतो. झादर हे माराश्किनोचे गाव आहे. मरास्का जातीच्या छोट्या, आंबट चेरीपासून गाळलेले हे स्वच्छ, पाण्यासारखे दिसणारे लिक्युअर एकेकाळी युरोपभर येथूनच जात असे. जिरोलामो लुक्सार्दो यांनी १८२१ मध्ये येथे भट्टी काढली. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात शहराची धूळधाण झाली आणि युद्धानंतर लुक्सार्दो कुटुंबाने इटलीतील तोरेल्या येथे नव्याने कारखाना उभारला. झादरमध्येही मरास्का या नावाने उत्पादन सुरूच राहिले. त्यामुळे आज एकाच फळाचे, एकाच परंपरेचे मद्य दोन देशांत तयार होते, आणि दोन्हींच्या बाटल्यांवर ३२ टक्के हाच आकडा असतो.

हा आकडा आमच्या कामाचा होता. गोड आणि गुळगुळीत चवीमुळे माराश्किनो सौम्य वाटते. प्रत्यक्षात ते २२ आणि २४ या दोन्ही रेघांच्या वर आहे, म्हणून कागदोपत्री ते तीव्र मद्यच ठरते. दुकानातील बाईंनी पारंपरिक विणकामात गुंफलेली बाटली आग्रहाने दाखवली. दिसायला ती सुरेख होती, परंतु विणीमुळे काचेवरचा तपशील अर्धा झाकला जात होता. आम्ही साधी बाटली निवडली, जिच्यावर प्रमाण, तीव्रता आणि उत्पादकाचे नाव एका दृष्टिक्षेपात दिसत होते. कस्टम्सच्या टेबलावर बाटली उभी राहते तेव्हा तिचे लेबल हेच तिचे ओळखपत्र असते. पावती एका पाकिटात ठेवली. ते पाकीट पुढे सहलभर पासपोर्टच्या शेजारीच राहिले.

मंगळवार : स्प्लिट आणि काश्तेला

स्प्लिटचा राजवाडा पाहून झाल्यावर उरलेला वेळ जवळच्या काश्तेलाच्या किनाऱ्याला दिला. कॅलिफोर्नियाची म्हणून प्रसिद्ध झालेली झिनफांडेल ही द्राक्षजात मूळची कुठली, याचा शोध बरीच वर्षे चालला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेब विद्यापीठातील इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांनी डीएनए चाचणी करून २००१ मध्ये तो लावला. काश्तेल नोव्ही येथील एका जुन्या मळ्यात सापडलेला त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की हा वेल म्हणजेच झिनफांडेल, असे सिद्ध झाले. दाल्मेशियाची प्लावाट्स माली ही प्रमुख काळी जात याच वेलाची संतती आहे. इथे काहीही विकत घेतले नाही, कारण वाइनसाठी दुसरे गाव मनात होते.

बुधवार : पेल्येशाच

या दिवसासाठीच मोटार घेतली होती. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर नेऊमजवळ बॉस्नियाची एक चिंचोळी पट्टी समुद्राला भिडते आणि त्यामुळे दुब्रॉव्हनिकचा भाग उर्वरित क्रोएशियापासून तुटतो. व्हेनिसच्या भीतीने दुब्रॉव्हनिकच्या जुन्या प्रजासत्ताकाने ही पट्टी ऑटोमन साम्राज्याला दिली होती. तीन शतकांपूर्वीच्या त्या व्यवहाराचा भुर्दंड पुढच्या प्रवाशांना पडला : जेमतेम नऊ किलोमीटरच्या रस्त्यासाठी एका देशातून बाहेर, दुसऱ्यात आत, पुन्हा बाहेर आणि पुन्हा आत. एका प्रवेशाच्या व्हिसावर येणाऱ्या माणसाला तर तिथे वळून परत यायची सोयच नव्हती. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल खुला झाला आणि हा खटाटोप टळला. सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा तो पूल ओलांडताना पासपोर्ट पिशवीतून बाहेर काढावा लागत नाही.

पुलापलीकडच्या द्वीपकल्पावर दिंगाच आहे. समुद्राकडे तोंड करून जवळजवळ कड्यासारख्या उतरलेल्या या उतारावर ऊन वरून पडते, खडकावरून परतते आणि पाण्यावरूनही उसळते, त्यामुळे प्लावाट्स मालीची द्राक्षे येथे विलक्षण गोड होतात. १९६१ मध्ये नावाला कायदेशीर संरक्षण मिळालेली दिंगाच ही क्रोएशियातील पहिली वाइन होय. पूर्वी द्राक्षे गाढवांच्या पाठीवर लादून डोंगर चढवत. १९७०च्या दशकात पोतोम्ये गावच्या लोकांनी डोंगरातून अरुंद बोगदा खणला आणि मोटार थेट मळ्यात जाऊ लागली. त्या बोगद्यातून समोरून दुसरे वाहन येत नाही ना, एवढे पाहत हळूहळू गेलो. गाव अजूनही गाढवांना विसरलेले नाही. तेथील सहकारी संस्थेच्या बाटलीवर गाढवाचे चित्र आहे.

मोटार मला चालवायची असल्याने चव घेण्याची जबाबदारी पत्नीने पार पाडली आणि निवडही तिचीच. दिंगाचची एक बाटली आणि वाळवलेल्या द्राक्षांच्या गोड प्रोशेकची अर्ध्या लिटरची एक बाटली आम्ही घेतली. प्रोशेकवरून इटलीने मोठा वाद उभा केला आहे, कारण ते नाव आपल्या प्रोसेको या फसफसत्या वाइनच्या फार जवळ जाते, असे त्या देशाचे म्हणणे आहे. दोन्ही पेये चाखलेल्या माणसाचा घोटाळा होणे मला तरी अवघड वाटते. मळ्याच्या मालकाने माल परदेशी नेणार असल्यास व्हॅट परतीचा फॉर्म घ्या, असे सुचवले. तो फॉर्म संघाबाहेर पडताना कस्टम्सकडून शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि आम्ही बसने सीमा ओलांडणार होतो. बस त्या एका शिक्क्यासाठी खोळंबणार नाही हे उघड होते, शिवाय खरेदी तेवढी मोठीही नव्हती. फॉर्मचा नाद सोडला.

गुरुवार : दुब्रॉव्हनिक ते मोस्तार

भाड्याची मोटार दुसऱ्या देशात न्यायची, तर कंपनीची लेखी परवानगी लागते आणि ती तिथेच सोडायची असेल तर भाड्याइतकाच दंड बसू शकतो. म्हणून मोटार दुब्रॉव्हनिकला परत करून बस पकडली. मेत्कोविच आणि दोल्यानी या जोडनाक्यावर बस थांबली. वाहकाने सर्वांचे पासपोर्ट गोळा करून गठ्ठा खिडकीत दिला. इतरांचे पटकन परत आले. आमचे दोन मागे राहिले. क्रोएशियन अधिकाऱ्याने निर्गमनाचा शिक्का मारला, पुढे बॉस्नियन अधिकाऱ्याने व्हिसाच्या स्टिकरवरील प्रवेशसंख्येचा रकाना बोट ठेवून वाचला, वैधतेची शेवटची तारीख पाहिली आणि मोस्तारमधील आरक्षण मागितले. त्याला हव्या असलेल्या गोष्टी नेमक्या तेवढ्याच होत्या, आणि त्या व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच ठरून गेल्या होत्या. सामानाच्या कप्प्यात कस्टम्सच्या माणसाने डोकावले. बॅगा मात्र उघडायला लावल्या नाहीत.

मोस्तारमध्ये ज्या घरी उतरलो, तिथले यजमान स्वतः लोझा गाळत होते. लोझा म्हणजे द्राक्षांची राकिया, आणि राकिया म्हणजे फळांपासून गाळलेले तीव्र मद्य. शरद ऋतूत या सगळ्या प्रदेशात तांब्याच्या भट्ट्या पेटतात, आणि सुरुवातीला येणारी धार वेगळी काढून टाकायची, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. त्यांनी संध्याकाळी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेली लोझा समोर ठेवली आणि दुसऱ्याच वाक्यात बजावले, “ही इथेच प्यायची. बरोबर न्यायची असेल तर दुकानातली घ्या. हिला ना नाव, ना आकडा.” त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. लेबल नसलेल्या बाटलीतील मद्य किती तीव्र आहे हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. ते ७० टक्क्यांच्या वर नाही, हेही नाही. दुकानी बांधणी नसल्यामुळे विमानाच्या सामानात तिला जागा नाही, आणि घरगुती मद्यात मेथेनॉलचे प्रमाण किती आहे, हा प्रश्न तर सीमेच्याही पलीकडचा आहे. या प्रवासात मी चाखलेली सर्वोत्तम राकिया तीच होती आणि ती त्या टेबलाच्या पलीकडे येऊ शकत नव्हती. बाजारातून आम्ही लोझाची अर्ध्या लिटरची बंद बाटली घेतली. चवीला ती बरी होती, एवढेच म्हणेन.

शुक्रवार : साराजेव्हो

साराजेव्होत मद्याला सुट्टी दिली. बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेच्या गल्ल्यांत तांब्याच्या भांड्यातली कॉफी मिळते आणि मक्याच्या पिठापासून आंबवलेली, आंबटगोड, दाटसर बोझाही मिळते. बोझा बरोबर नेता येईल का, असे पत्नीने विचारले. तिला कोणताही कायदा अडवत नाही. तिचा स्वभाव अडवतो, कारण ती बाटलीतही आंबत राहते आणि प्रवासात झाकण उडवते. दोन पेले तिथेच संपवले.

शनिवार : साराजेव्हो ते बेलग्रेड

हा सर्वांत लांबचा टप्पा. झ्वोर्निकजवळ द्रिना नदी हीच सीमा आहे; एका काठावर बॉस्नियाचा निर्गमनाचा शिक्का पडला, पूल ओलांडला आणि दुसऱ्या काठावर सर्बियाचा प्रवेशाचा. येथेही शेंगेन व्हिसाची मुदत निरखून पाहिली गेली. मद्य किती आहे, असे या वेळी थेट विचारले गेले. माराश्किनो ७०० मिलिलिटर, लोझा ५००, वाइनच्या दोन बाटल्या, असे आम्ही आकड्यांसह सांगितले आणि अधिकारी पुढच्या प्रवाशाकडे वळला. अशा प्रश्नाला “थोडेसे आहे” हे उत्तर देणाऱ्या मागच्या तरुणाची बॅग मात्र पूर्ण रिकामी करण्यात आली.

बेलग्रेडमध्ये पोहोचल्यावर एक कागद लागतो, ज्याची आठवण पर्यटकांना सहसा नसते. सर्बियात आल्यापासून २४ तासांत परदेशी माणसाच्या निवासाची नोंद व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करते. खासगी घरात उतरल्यास घरमालकाने करावी लागते आणि तिचा पुरावा म्हणून ‘बेली कार्टोन’ नावाचा कागद मिळतो. आम्ही खासगी घरात होतो, म्हणून चावी घेतानाच त्याबद्दल विचारले. मालकीणबाईंनी ऑनलाइन नोंद करून छापील प्रत रात्रीच हाती दिली.

रविवार : बेलग्रेड

खरेदीचा मुख्य दिवस. सर्बियाची श्लिवोवित्सा, म्हणजे आलुबुखाराची राकिया, आणि तिच्याशी जोडलेल्या प्रथा व ज्ञान यांचा समावेश युनेस्कोने २०२२ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. जन्म, लग्न, श्राद्ध, कोणत्याही प्रसंगी तिचा पेला पुढे येतो. दोनदा गाळून ओकच्या पिंपात मुरवलेली श्लिवोवित्सा पिवळसर सोनेरी होते; न मुरवलेली पारदर्शक राहते आणि फळाचा वास अधिक देते. मला दुसरी आवडली. तिच्याबरोबर दुन्या, म्हणजे क्विन्स या सफरचंदासारख्या सुगंधी फळाची राकिया घेतली. दोन्ही बाटल्या ७०० मिलिलिटरच्या होत्या आणि झाकणावरून खाली उतरलेली उत्पादनशुल्काची पट्टी दोन्हींवर अखंड होती. ही पट्टी पाहूनच बाटली घ्यावी, कारण शुल्क भरलेले आहे आणि बाटली उघडलेली नाही, या दोन्ही गोष्टी ती न बोलता सांगते.

रात्री खोलीत वाटणी केली. भारतात एकाची करमुक्त सवलत दुसऱ्याच्या खात्यात जोडता येत नाही, म्हणून प्रत्येक बॅगेचा हिशेब स्वतंत्र बसायला हवा होता. पत्नीच्या बॅगेत माराश्किनो, दिंगाच आणि प्रोशेक, मिळून १.९५ लिटर. माझ्या बॅगेत श्लिवोवित्सा, दुन्या आणि लोझा, मिळून १.९ लिटर. प्रत्येक बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली, लोकरी कपड्यांत गुंडाळली आणि बॅगेच्या मध्यभागी ठेवली; कडेला ठेवलेल्या बाटलीला पहिला धक्का बसतो.

सोमवार : परतीचा प्रवास

सामान थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाणार होते, त्यामुळे इस्तंबूलला विमान बदलताना बाटल्यांचा संबंध आला नाही. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही. शुल्कमुक्त दुकानातील मद्य मोहोरबंद पारदर्शक पिशवीत, पावती आतून दिसेल असे ठेवलेले असले तरच पुढच्या तपासणीतून जाऊ शकते. ती पिशवी वाटेत फोडली की संपले. आमच्या पुढच्या गृहस्थांची पिशवी फोडलेली होती आणि आतली बाटली तिथेच राहिली.

भारतात उतरल्यावर ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे शुल्क भरण्याजोगे काही नसणाऱ्यांच्या वाटेने, जाताना बॅगा क्ष-किरण यंत्रात गेल्या आणि एकीत तीन बाटल्या दिसताच आम्हाला बाजूला घेतले. अधिकाऱ्याने बॅगेची चिठ्ठी कोणाच्या नावाची आहे ते पाहिले, पत्नीचा पासपोर्ट मागितला आणि तिन्ही लेबलांवरचे आकडे कागदावर मांडून बेरीज केली. पावत्यांचे पाकीट पुढे केले, पण त्याला ते लागले नाही. मग माझ्या बॅगेची तशीच बेरीज झाली आणि त्याने दोन्ही बॅगा बंद करायला सांगितल्या. शेंगेनच्या दोन्ही शिक्क्यांची पाने मी त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवली. मेत्कोविचचा शिक्का थोडा पुसट आहे, म्हणून त्या बसचे तिकीटही त्याच फाइलमध्ये जोडले.